पेपरमध्ये 900 फॅराड, माझ्याकडे 210च

"मॅडम, रेसिपी तीच, केमिकल्स तीच. पेपरात 900 फॅराड प्रति ग्रॅम, माझे 210. माझ्या हातालाच यश नाही का?" औंधला खोली घेऊन राहणारी, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी. पंधरा दिवस लॅबकडे फिरकली नव्हती. विषय: सुपरकपॅसिटरसाठी (झटपट चार्ज होणारं, वीज साठवणारं साधन; त्याची क्षमता फॅराडमध्ये मोजतात) मँगनीज डायऑक्साइड आणि ग्राफीन (कार्बनचा अतिपातळ पापुद्रा) यांचं नॅनोकंपोझिट, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं मिश्रण.

असं विचारणारे बरेच येतात. धीराच्या शब्दांआधी वही उघडावी. पेपरमधल्या इलेक्ट्रोडवरचा थर एका चौरस सेंटिमीटरवर 0.3 मिलिग्रॅम, हिचा 5. मँगनीज डायऑक्साइडमधून वीज फार कमी वाहते, त्यामुळे जाड थरात कणांची वरची काही नॅनोमीटरची सालच कामाला येते. पातळ थरात जवळजवळ सगळंच कामाला येतं. आता थराच्या वजनाने गुणून दर चौरस सेंटिमीटरला किती ते बघा: त्यांचे 270 मिलिफॅराड, हिचे 1,050! शिवाय 0.3 मिलिग्रॅम मोजताना तराजू 0.1ने चुकला, तर तेच 900 कुठे 675 होतात, कुठे 1,350.

हे आकडे तिने स्वतः मांडले, तेव्हा खांदे जरा सैल झाले.

खरा दोष वेगळाच होता. चार्ज-डिस्चार्जच्या 500 फेऱ्यांत क्षमता 60 टक्क्यांवर यायची आणि बीकरच्या तळाशी काळी पूड दिसायची. म्हणजे थर सुटत होता. स्लरी (लेपाचं मिश्रण) 80:10:10 बरोबर होती, म्हणजे कंपोझिट, वीज वाहून नेणारी कार्बन ब्लॅकची पूड आणि चिकटवणारा पीव्हीडीएफ; पण एनएमपी या द्रावकाची बाटली जुलैच्या दमट हवेत उघडी राहायची. ते पाणी ओढतं, पीव्हीडीएफ गुठळतो. त्यात ओव्हन थेट 120 अंशांवर, म्हणून तडे. उपाय साधा: बाटली घट्ट बंद, पीव्हीडीएफ आधी एकटा पूर्ण विरघळवायचा, मग कार्बन ब्लॅक, शेवटी कंपोझिट. ग्रॅफाइट शीटवर लावून 60 अंशांवर सावकाश वाळवायचं, मग 80ला रात्रभर व्हॅक्यूममध्ये. एकाच स्लरीचे तीन इलेक्ट्रोड करायचे आणि गाइडना दाखवताना वजनावरचा व क्षेत्रफळावरचा, दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. एकच आकडा घेऊन गेलं की बोलणी बसणारच.

पुढच्या भेटीत 900चा विषयच निघाला नाही. तिला दोन इलेक्ट्रोडचा पूर्ण सेल जोडायचा होता, समोरच्या इलेक्ट्रोडवर कार्बन किती घेऊ? दोन्हीकडचा चार्ज सारखा हवा: 210 गुणिले तिच्या इलेक्ट्रोडचा 0.8 व्होल्टचा पट्टा गुणिले 5 मिलिग्रॅम, म्हणजे 0.84 कूलंब (चार्जचं एकक). तिचा कार्बन 1 व्होल्टच्या पट्ट्यात 120 फॅराड प्रति ग्रॅम देतो, तर 7 मिलिग्रॅम.