दोन बाबांना काहीतरी काम दे

प्रिय,

तुझ्या मुलांसाठीच्या कार्टून मालिकेचा मसुदा वाचला. सहाव्या भागात ते दोन बाबा, म्हणजे मूल वाढवणारं पुरुषांचं जोडपं, येतात, 'आमचंही कुटुंब तुमच्यासारखंच' असं सांगतात आणि निघून जातात. हेतू चांगला, पण मूल नेमकं तेव्हाच पाणी प्यायला उठेल. शिवाय त्यांना नावंही नाहीत. 'बाबा १', 'बाबा २'!

'ऑर्थर' या अमेरिकी कार्टून मालिकेतला रॅटबर्न सरांच्या लग्नाचा भाग बघ, २०१९चा. मुलं हादरतात, कारण त्यांना वाटतं की सर त्या खडूस पॅटीशी लग्न करताहेत. मग लग्न मोडायचे बेत. पॅटी निघते सरांची बहीण, आणि सर येतात एका पुरुषाचा हात धरून. कुणी कुणाला काही समजावत बसत नाही. मुलांना खरं सहन होत नाही ते सरांचं नाचणं! हे जमलं कारण सर १९९६पासून त्या मालिकेत होते : कडक, गृहपाठ देणारे, केकवर जीव असलेले. तुझे बाबा कशावर चिडतात, त्यांना काय येत नाही, हे आधी ठरव.

दुसरं, त्यांना कथेत असं गुंतव की कापता येऊ नये. 'सेलर मून' या जपानी कार्टूनमधल्या हारुका आणि मिचिरू या एकमेकींच्या प्रेमिकांना इंग्रजी डबिंगमध्ये चुलत-मावस बहिणी करून टाकलं. संवाद बदलले, चित्रं तीच राहिली, त्यामुळे त्या 'बहिणी' फारच विचित्र वाटू लागल्या. याउलट रिबेका शुगर यांचं 'स्टीव्हन युनिव्हर्स' हे कार्टून घे. त्यात रूबी आणि सफायर या दोघी एकरूप होऊन गार्नेट हे पात्र बनतं. त्यांचं प्रेम काढलं तर गार्नेटच उरत नाही. २०१८मध्ये त्यांचं लग्नही दाखवलं. तुझा सहावा भाग मात्र अख्खा वगळला तरी सातव्याला काही फरक पडत नाही.

आणि तुझा तो लोभी व्यापारी! लाडिक बोलणं, मुरके, नटणं, सगळं त्याच्या वाट्याला. चांगले ते दोघे मात्र पुठ्ठ्याचे. खलनायकाला असं बायकी दाखवायची खोड कार्टूनमध्ये फार जुनी आहे. ती तुझ्याही हातून नकळत उतरली असणार. काढ ती.

'लहान मुलांना हे कशाला?' हा प्रश्न येणारच. २००५मध्ये बस्टर नावाचा कार्टून ससा मेपलची साखर कशी होते ते बघायला व्हरमाँटला गेला. तिथल्या मुलांना दोन आया होत्या, एवढंच. तरी अमेरिकेच्या शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी आक्षेप घेतला आणि पीबीएस या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने तो भाग देशभर पाठवला नाही. तेव्हा पात्रं मागे, कोपऱ्यात उभी केली म्हणजे वाद टळेल, या भरवशावर राहू नकोस.

निर्मात्यांकडे जाताना पूर्ण स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमवार चित्रं, घेऊन जा. नुसतं तोंडी सांगितलंस तर प्रत्येक जण आपापल्या मनातलं चित्र बघेल, आणि ते तुझ्या चित्रापेक्षा नक्कीच भडक असेल.