पर्यटकांना नीट शिकवलं तर ऐतिहासिक वास्तू आणि संग्रहालयांतली नासधूस थांबेल का?

नाही थांबणार. प्रश्नात तुम्ही धरूनच चालला आहात की हे सगळं अडाणी लोक करतात. मी एका संग्रहालयात दालनावर देखरेखीला होते. ज्याला वस्तूबद्दल काही माहीत नसतं तो बहुधा बिचकत, हात मागे बांधून बघतो आणि पुढे जातो. मला त्रास झाला तो आवड असलेल्यांचा.

आमच्या आवारात एक शिलालेख उघड्यावर उभा होता, अक्षरं बरीच झिजलेली. एकदा एक गृहस्थ पाच-सहा जणांना घेऊन आले. लेखात दान कशाचं आहे, ते कुणी दिलं, दान मोडणाऱ्याला शेवटी शाप कसा दिलाय, हे त्यांनी इतकं सुंदर सांगितलं की मीही जवळ जाऊन ऐकत राहिले. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि अक्षरं भरायला सुरुवात केली. फोटोत स्पष्ट यावीत म्हणून! बरोबरच्या एकाने आधीच दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं होतं.

मी म्हटलं, "सर, खडू लावायचा नाही." ते म्हणाले, "ताई, तुमच्या जन्माआधीपासून मी लेख वाचतोय. तुम्हाला यातलं काय कळतं?" खडू मागितला तर देईनात, म्हणून मी लेखाला पाठ लावून उभी राहिले. त्यांनी ऑफिसात तक्रार केली. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं की अभ्यासू माणसांशी नम्रपणे वागत जा. शिलालेखाबद्दल त्या खोलीत कुणी चकार शब्द काढला नाही.

मला काय कळतं ते इथे लिहिते. खडूची पूड दगडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते. ती काढायला ब्रश आणि पाणी लागतं, आणि दर वेळच्या घासण्यात अक्षरांच्या कडा थोड्या थोड्या जातात. त्याहून वाईट म्हणजे खडू लावणारा स्वतःचं वाचन दगडावर गिरवतो. एखादा ओरखडा त्याने काना समजून रंगवला की तो फोटो फिरतो, आणि पुढचा वाचणारा तो काना मूळचाच धरतो. झिजलेला लेख वाचायचा असेल तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा, किंवा बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, तिरपी धरा. खोलगट रेघांत सावली पडते आणि न दिसणारी अक्षरं उठून येतात. वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून फोटो काढा. कागदावर ठसा घेण्याचं काम शिकलेल्या माणसाचं, तेही परवानगीने.

अजिंठ्याचा जॉन स्मिथ आठवा. ब्रिटिश लष्करी अधिकारी होता तो. २८ एप्रिल १८१९ ला त्याने दहाव्या लेण्यातल्या चित्रावर नाव आणि तारीख कोरली. तेव्हा तो साचलेल्या मातीच्या ढिगावर उभा होता, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर दिसतं. समोर काय आहे ते कळलं नसतं तर त्याने नाव दुसरीकडे कुठेही कोरलं असतं. २०२० मध्ये इटलीत पोसान्योच्या संग्रहालयात एक पर्यटक फोटोसाठी शिल्पकार कानोव्हाच्या प्लास्टरच्या शिल्पावर बसला आणि शिल्पाच्या पायाची बोटं तुटली. २०२३ मध्ये रोमच्या कोलोसियमच्या भिंतीवर किल्लीने नावं कोरणाऱ्याने नंतर माफीच्या पत्रात लिहिलं की ही वास्तू एवढी जुनी आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझा विश्वास नाही. कोलोसियम बघायला कुणी नवी इमारत समजून जात नाही.

माझा थोरला भाऊ शिक्षक आहे आणि त्याचं म्हणणं तुमच्यासारखंच. माहितीफलक लावा, मुलांना लहानपणीच सांगा, दोर आणि काचा लावून लोकांना चोर ठरवू नका. दादा, लास्कोच्या गुहेचं नुकसान कुणी नावं कोरल्याने झालं नाही. फ्रान्समधली ती सुमारे १७,००० वर्षांपूर्वीची चित्रं १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. लोक आले, शिस्तीत बघून गेले, आणि त्यांच्या श्वासातला ओलावा, कार्बन डायऑक्साइड आणि आतले दिवे एवढ्यानेच भिंतींवर शेवाळ धरलं. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. श्वास घेऊ नका, हे कोणत्या वर्गात शिकवणार? १९८३ पासून लोक शेजारी उभारलेली प्रतिकृती बघतात, आणि मन लावून बघतात.

नुकसान फक्त पर्यटकच करतात असं मात्र नाही. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामून याच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी २०१४ मध्ये कैरोच्या संग्रहालयात तुटली ती कर्मचाऱ्यांच्या हातून, आणि ती घाईघाईने इपॉक्सीने चिकटवलीही गेली. म्हणजे दोराच्या आतल्या माणसावरही लक्ष हवं. आणि मुलांना शिकवू नका असं मी म्हणत नाही, जरूर शिकवा. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर फलक बाजूला ठेवा, दोर लावा आणि तिथे एक माणूस उभा करा. त्या माणसाने कुणाला अडवलं की तक्रार येणारच. तेव्हा ऑफिसने आधी वस्तूकडे जाऊन बघावं आणि मग माणसाला बोलवावं.