मागचा टायर आतूनच का झिजतो?

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि देखभाल

प्रश्न : मी २०१० सालची होंडा सिव्हिक जुनी घेतली. आधीच्या मालकाने ती खाली बसवून घेतली होती. चारही चाकांना तोकड्या स्प्रिंगा आहेत, यापलीकडे मला काही ठाऊक नाही. नोकरीनिमित्त अमळनेरहून धरणगावमार्गे जळगावला रोज जाणे-येणे असते. मागचे दोन्ही टायर वीस हजार किलोमीटर होण्याच्या आतच आतल्या कडेने गुळगुळीत झाले असून डाव्या टायरची तर तार दिसू लागली आहे. बाहेरून पाहिल्यास मात्र नक्षी जवळजवळ नवी वाटते. ताशी साठच्या पुढे मागून घुमल्यासारखा आवाज येतो. अलाइनमेंट दोन वेळा केली, पण दुकानदाराचे म्हणणे असे, की मागच्या चाकांना सेटिंगच नसते आणि टायरच हलका आहे. दोष टायरचा, की गाडी खाली बसवल्याचा? कृपया मार्गदर्शन करावे. (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. तार दिसत असलेला टायर आजच उतरवा आणि स्टेपनी लावा. झिजेची खूण दाखवणारी आडवी पट्टी नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटर उंचीवर असते. आपला टायर ती पट्टी ओलांडून, रबर संपून पोलादी पट्ट्यापर्यंत पोहोचला आहे. बाहेरची कड शाबूत दिसते म्हणून अनेकांना हे महिनोन्‌महिने कळत नाही. मोबाइल चाकामागे खाली धरून आतल्या कडेचे छायाचित्र काढण्याची सवय प्रत्येक खाली बसवलेल्या गाडीच्या मालकाने लावून घ्यावी.

टायर हलका असता तर तो सगळ्या रुंदीवर सारखाच झिजला असता. फक्त आतली कड जाते, याचा अर्थ चाक उभे राहण्यात किंवा चालण्यात वाकडे आहे. आपल्या सिव्हिकचे मागचे प्रत्येक चाक स्वतंत्र आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांवर, बसवलेले आहे. त्यात वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असल्यामुळे गाडीचे अंग खाली आले की चाकाचा माथा आत ओढला जातो. यालाच उणा कॅम्बर म्हणतात. गाडी जितकी खाली, तितका तो अधिक. घरातले पाच जण आणि डिकीत सामान घेऊन वणीला निघालात, तर मागचा भाग आणखी दबतो आणि माथा आणखी आत झुकतो. म्हणजे रिकाम्या गाडीवर घेतलेले माप आणि रस्त्यावरचे वास्तव यांत फरक पडतो.

तथापि सगळा दोष कॅम्बरच्या माथी मारण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला मान्य नाही. दीड-दोन अंशांचा उणा कॅम्बर टायर बऱ्यापैकी सोसतो. त्याने आतली कड बाहेरच्यापेक्षा लवकर जाते खरी, पण एवढ्या लवकर तार दिसत नाही. टायर खरा खातो तो टो, म्हणजे वरून पाहिले असता चाकाचे तोंड सरळ पुढे न राहता आत किंवा बाहेर वळलेले असणे. गाडी खाली आली की आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतात, त्यामुळे कॅम्बरबरोबर टोसुद्धा सरकतो. चाक पाव अंशाने जरी वाकडे असले, तरी प्रत्येक किलोमीटरला ते सुमारे साडेचार मीटर आडवे फरफटते; जळगाव ते धुळे या नव्वदेक किलोमीटरच्या अंतरात ही फरफट जवळपास चारशे मीटर होते. चाकांची तोंडे बाहेर वळलेली असतील, म्हणजे टो-आउट असेल, तर ही फरफट आतल्या कडेवर येते आणि आधीच कॅम्बरमुळे तिथे वजन असल्याने दोन्ही मिळून कड संपवतात.

कॅम्बर की टो, हे ओळखायला यंत्र लागत नाही. उजव्या टायरवर (डाव्यावर नको, तार हातात घुसेल) तळवा आतून बाहेर आणि मग बाहेरून आत, असा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे बोचत असेल, तर टो बिघडला आहे. दोन्ही दिशांना सारखेच गुळगुळीत, पण आत उतार जाणवत असेल, तर कॅम्बर. त्यानंतर तळवा टायरच्या गोलाईने फिरवा. उंच-सखल टेकड्या लागल्या, तर शॉकअप थकले आहेत. तोकड्या स्प्रिंगांवर मूळचे शॉकअप ठेवले की त्यांची चाल आखूड होते, ते वारंवार रबरी ठोकळ्यावर आदळतात आणि लवकर संपतात. आपला आवाज बहुधा या दातेरी झिजेचाच असावा. खात्री करायची तर कान द्या : डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला, तर टायर; रस्ता तोच असताना गाडी डावी-उजवीकडे वळवल्यावर आवाज वाढला-कमी झाला, तर बेअरिंग.

आता आपल्या पत्रातील सर्वांत बोलका तपशील : डावा टायर उजव्यापेक्षा जास्त गेला आहे. गाडी खाली बसवल्याने दोन्ही चाके साधारण सारखीच झुकायला हवीत. एकच बाजू जास्त जात असेल, तर त्या बाजूला आणखी काही आहे : वाकलेला आर्म, फाटलेला बुश (आर्मच्या सांध्यातला रबरी तुकडा) किंवा असमान स्प्रिंग. सपाट फरशीवर गाडी उभी करून दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजा. ते वेगळे आले, तर चाक काढून स्प्रिंगचे टोक पाहा. ते ग्राइंडरने कापल्यासारखे बोथट असेल, तर आधीच्या मालकाने स्प्रिंगा विकत घेतल्या नसून मूळच्याच कापल्या आहेत. कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही आणि खड्ड्यात चाक लोंबकळले की जागेवरून निसटू शकते. अशा स्प्रिंगा एक दिवसही ठेवू नयेत, मग अलाइनमेंट कितीही चांगली येवो. अंतर सारखे असेल, तर गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. खेळ कोणत्या दिशेने आहे आणि कोणता सांधा हलतो, हे दुसऱ्या माणसाने टॉर्च धरून पाहावे.

बुशाबद्दल थोडे अधिक, कारण फिटर मंडळी इथेच घाई करतात. आर्मचे रबरी बुश बोल्ट घट्ट होतील त्या स्थितीत पकडले जातात. नव्या स्प्रिंगा घालताना चाक लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर टेकताच सगळे बुश कायमचे पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. बोल्ट ढिले करून, गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळणे हाच योग्य मार्ग आहे. आपल्या गाडीवर ते झाले होते का, हे कळायला आता मार्ग नाही. तेव्हा बुश तपासूनच घ्या.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. या गाडीत मागच्या कॅम्बरला मूळची सेटिंग नाही, परंतु मागचा टो जुळवता येतो. चारही चाकांचे माप घेणाऱ्या दुकानात जा, छापील कागद मागा आणि मागच्या दोन चाकांचा टो एकमेकांशी मिळतो का, ते पाहा. मागची चाके असमान असतील, तर गाडी किंचित तिरकी चालते आणि फक्त पुढची अलाइनमेंट करून स्टेअरिंग कधीच सरळ राहत नाही. आधी वाकलेला आर्म वा फाटलेले बुश बदला, मग नवे टायर घाला आणि त्याच दिवशी मागचा टो जुळवा. त्यानंतरही कॅम्बर दोन अंशांच्या बराच पुढे राहिला, तर लांबी बदलता येणारे वरचे आर्म बाजारात मिळतात, ते घ्या. तेवढा खर्च नको असेल, तर मूळच्या स्प्रिंगा परत घाला. धरणगावच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाला मी हा मूळच्या स्प्रिंगांचाच पर्याय सुचवेन.

प्रश्न : माझी स्विफ्ट खाली बसवलेली आहे. मागचा फक्त उजवा टायर आतून झिजतो. गॅरेजवाला कॅम्बर किट घ्यायला सांगतो. घ्यावे का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : घेऊ नये. स्विफ्टच्या मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम आहे. गाडी खाली आली तरी त्याचा कॅम्बर फारसा बदलत नाही. एकच चाक झिजत असेल, तर बीम किंवा चाकाचा स्टब (चाक ज्यावर फिरते तो आखूड आस) एखाद्या खड्ड्यात वा दुभाजकावर आदळून वाकला असण्याची, नाहीतर बेअरिंग गेल्याची शक्यता मोठी. माप थोडेच चुकले असेल, तर स्टब आणि बीम यांच्यामध्ये पातळ पाचर घालून ते सुधारता येते. बीम तापवून, ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याला मात्र गाडीला हात लावू देऊ नका.

प्रश्न : मे महिन्यात टायर फुटू नये म्हणून मी हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवतो. माझ्या खाली बसवलेल्या गाडीचे मागचे टायर दोन्ही कडांनी जात आहेत, आतली कड अधिक. संबंध असेल का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : थेट संबंध आहे. हवा कमी असली की मधला भाग उचलला जातो आणि भार दोन्ही कडांवर येतो. त्यात चाकाचा माथा आत झुकलेला असल्याने आतली कड अधिक भरडली जाते. शिवाय कमी हवेचा टायर बाजूंनी जास्त लवतो, त्यामुळे तापतो आणि ज्या भीतीने आपण हवा कमी ठेवता, तीच शक्यता वाढते. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की हवा साधारण एक पॉइंटने वाढते, हे टायर बनवताना धरलेले असते. चालकाच्या दाराच्या चौकटीजवळ लिहिलेला आकडा पाहा, सकाळी ऊन चढण्याआधी, गाडी उभी राहून थंड झालेली असताना तेवढीच हवा भरा. मागच्या बाजूला भार नेहमी असेल, तर त्याच पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेला वेगळा आकडा वापरा. दुपारी पंपावर आकडा वाढलेला दिसला, म्हणून हवा सोडू नका.