टॅटूची सालपटं निघतायत, रंगही फिका दिसतोय. टॅटू बिघडला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ दिवसांपूर्वी कोपराखाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला टॅटू काढला. काळ्या रेघांची वेल आणि तिला एक लाल फूल. परवापासून पापुद्रे निघतायत, त्यांना रंग चिकटलेला दिसतोय आणि खाली उरलेली वेल धुरकट वाटतेय. आर्टिस्ट म्हणतो काही होत नाही, आई म्हणते हळद लाव, आणि पुढच्या शनिवारी मित्रांबरोबर अलिबागला जायचंय, तर पाण्यात उतरलं तर चालेल का.

टॅटू बिघडलेला नाही. आता बाकीचं निवांत वाचा.

मी आर्टिस्ट नाही, डॉक्टरही नाही. अंगावर तीन टॅटू आहेत एवढीच माझी पात्रता. तिन्ही वेळा नवव्या-दहाव्या दिवशी आरशासमोर उभा राहून तुमच्यासारखाच हबकलो होतो, तिसऱ्या वेळी तर सगळं माहीत असूनही. मराठीत आपण ‘टॅटू काढला’ म्हणतो ना, त्या दिवसांत हात बघितला की खरंच काढून टाकला की काय असं वाटतं.

होतं काय, तर सुई इंजेक्शनसारखी शाई आत ढकलत नाही. ती अतिशय वेगाने कातडीला बारीक भोकं पाडत जाते आणि टोकाला धरलेली शाई त्या भोकांतून खाली उतरते, साधारण एक ते दोन मिलिमीटर. कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदासारखा पातळ असतो आणि तो तसाही सतत झडत असतो. महिना-सव्वा महिन्यात पुरता नवा होतो. टॅटू टिकतो तो त्याच्या खालच्या जाड थरात. पण खाली जाता जाता शाई वरच्या थरालाही माखतेच. सुईने जायबंदी झालेला तो वरचा थर आता सुटून पडतोय आणि त्याला लागलेली शाई घेऊन चाललाय. उशीवर तुम्हाला जे काळे-लाल कण दिसतायत ती शाई मुळात राहणारच नव्हती.

धुरकटपणाचं कारण वेगळं. पापुद्रा गेला की खाली नवी कातडी येते ती कोवळी, चकचकीत आणि किंचित दुधाळ असते. बटर पेपरखाली चित्र ठेवून बघावं तसं दिसतं. तीनचार आठवड्यांत ही दुधी झाक उतरते आणि रेघा परत ठसठशीत होतात. वरून सगळं ठीक दिसायला लागलं तरी आतली डागडुजी दोनतीन महिने चालू असते. म्हणून रंगाचा निवाडा आत्ता करू नका, सहा आठवड्यांनी करा. कुठे रेघ तुटलेली किंवा फुलाचा तुकडा खरोखर रिकामा राहिलेला दिसला, तर तेव्हा आर्टिस्टकडून टचअप करून घ्या. बरेच जण पहिला टचअप फुकट करून देतात, विचारून बघायला हरकत नाही.

आत उरलेल्या शाईचं काय होतं, ही मला सगळ्यात मजेशीर वाटणारी गोष्ट. शरीराच्या दृष्टीने शाई म्हणजे घुसखोर. तिला गिळायला पांढऱ्या पेशींमधल्या भक्षक पेशी धावत येतात, कण गिळतात, पण ते पचवू शकत नाहीत. मग पोटात शाई घेऊन तिथेच बसून राहतात. आपण टॅटू म्हणून जे बघतो ते बऱ्याच अंशी या पेशींचं भरलेलं पोट असतं. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर दाखवलं, की अशी पेशी मेली तर सांडलेली शाई शेजारी आलेली नवी पेशी गिळते. पेशी बदलत राहतात, चित्र जागचं हलत नाही. थोडी शाई मात्र लसिकाग्रंथींपर्यंत वाहत जाते, त्यामुळे टॅटू असलेल्यांच्या काखेतल्या गाठी आतून रंगलेल्या सापडतात.

आता हळद. माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं आणि हनुवटीवर तीन ठिपके. माझ्या पहिल्या टॅटूच्या वेळी आईनेही हेच सांगितलं होतं, ‘आजीने हळदच लावली होती, साठ वर्षं गोंदण टिकलं.’ टिकलं हे खरं, पण ते काजळामुळे. काजळ म्हणजे कार्बन, आणि त्याच्याइतकं चिवट रंगद्रव्य मिळणं अवघड. ‘हिरवं गोंदण’ म्हणतो आपण, पण गोंदताना ते काळंच असतं. काळे कण कातडीच्या आत असले की वरच्या कातडीतून विखुरून परत येणाऱ्या प्रकाशात निळसर भाग जास्त असतो, म्हणून ते वर्षानुवर्षांनी निळं-हिरवं दिसतं. मनगटावरच्या शिरा हिरवट दिसतात त्याचं कारणही जवळपास असंच, आतलं रक्त काही हिरवं नसतं. तुमची काळी वेलही वीस-पंचवीस वर्षांनी थोडी त्या वाटेने जाणार आणि रेघा थोड्या रुंदावणार. त्याला इलाज नाही.

तर आईला सांगा, हळद दुधात घालून पिऊ, हातावर नको. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण सुटत्या पापुद्र्यांत अडकतात, काहींना तिची पुरळही येते. शिवाय कोवळ्या कातडीवर पिवळा डाग बसला की लाल फुलाचा रंग कसा आहे हे कळणारच नाही. खोबरेल तेलाचंही तेच: कातडी पूर्ण बंद झाल्यावर खुशाल लावा, पण आत्ता ती बरणी नको, तिच्यात घरातल्या सगळ्यांची बोटं बुडालेली असतात. कुंडीतली कोरफड कापून लावायचा सल्लाही कुणीतरी देईलच. तिच्या सालीखालचा पिवळा चीक झोंबतो.

मग करायचं काय? खरं तर फारच थोडं, आणि हेच लोकांना जमत नाही. दिवसातून दोनदा हात साबणाने स्वच्छ धुवून मग त्याच हाताने टॅटू कोमट पाण्याने धुवायचा. साबण सौम्य, बिनवासाचा. लहान बाळांचा असतो तसला चालेल, वासाचा नको. स्पंज, घासणी काही नाही, फक्त बोटांची टोकं. नंतर टॉवेलने पुसायचं नाही, कारण रोजच्या टॉवेलचे धागे पापुद्र्यात अडकतात आणि तो काही निर्जंतुक नसतो. टिशू पेपरने टिपून घ्यायचं आणि पाच-दहा मिनिटं वाऱ्यावर सुकू द्यायचं. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, मटारच्या दाण्याएवढं, अख्ख्या वेलीला पुरवून लावायचं. कातडी तेलकट चमकायला लागली तर जास्त झालं, टिपून काढा.

‘जितकं जास्त तितकं चांगलं’ या समजुतीने मी पहिल्या टॅटूची वाट लावत आणली होती. पेट्रोलियम जेलीचा लोण्यासारखा थर दिवसातून पाचसहा वेळा. पुण्याच्या मे महिन्यात. तिसऱ्या दिवशी खपल्या मऊ पडून फुगल्या, कडेने घामोळ्यासारखे फोड आले. आर्टिस्टने फोनवरचा फोटो बघून एवढंच सांगितलं, ‘सगळं पुसून काढ आणि आज काहीच लावू नको.’ दोन दिवसांत बसलं. घरातलं जंतुनाशक द्रव्य ओतायचा मोहही आवरा. नव्या पेशी त्याने दुखावतात, आणि साबण-पाणी पुरतं.

खाज. आज-उद्यात ती कळस गाठेल. झोपेत तर हात आपोआप शिवशिवतात. नखांनी ओढून काढलेला पापुद्रा खालची अजून न बसलेली शाई घेऊन येतो आणि तिथे फिका ठिपका राहतो, माझ्या दंडावर असे दोन आहेत. वरून तळव्याने हलकेच थोपटा, नाहीतर स्वच्छ रुमालात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर शेजारच्या कातडीवर धरा. नखं कापून टाका. रात्री जुना, मऊ, धुतलेला सुती सदरा घाला; पांढरा असेल तर डाग पडतील याची तयारी ठेवा.

तुम्ही स्कूटरवरून ऑफिसला जाता असं लिहिलंय, म्हणून ऊन हा तुमचा मोठा प्रश्न. कोपराखालची बाहेरची बाजू हँडल धरल्यावर सरळ आभाळाकडे असते. कातडी पूर्ण बंद होईपर्यंत तिच्यावर सनस्क्रीन लावू नका, सैल पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. घट्ट आर्म स्लीव्ह मिळतात त्या आत्ता नकोत, त्या आत घाम कोंडतात आणि पापुद्रे घासून काढतात. महिन्याभरानंतर मात्र रोज सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, आणि हे कायमचं. टॅटू जुना दिसण्यात वयापेक्षा उन्हाचा हात मोठा असतो. माझ्या एका मित्राच्या दोन्ही हातांवर एकाच आठवड्यात काढलेले टॅटू आहेत. तो गाडी चालवतो आणि उजवा कोपर कायम खिडकीबाहेर. उजवा टॅटू डाव्यापेक्षा पाच वर्षं जास्त जुना दिसतो.

घामाचं, घर्षणाचं भानही ठेवा. ढोलपथकात असाल तर सरावाला दोन आठवडे सुट्टी. मी कमरेच्या वर, बरगडीला काढला होता आणि तिथेच ढोलाचा पट्टा यायचा. पथकातल्यांची बोलणी खाऊन ताशांच्या मागे झेंडा धरून उभा राहिलो. जिमचंही तसंच, तिथल्या बाकड्यावर उघडा टॅटू टेकवायचा नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं हे मात्र नीट लक्षात ठेवा, कारण ‘नॉर्मल आहे’ हे उत्तर प्रत्येक वेळी खरं नसतं. पहिले दोनतीन दिवस लाली, सूज, उन्हाने भाजल्यासारखी चुरचुर, शाई मिसळलेला पाण्यासारखा पातळ स्राव, हे सगळं ठीक. त्यानंतर ते रोज थोडं कमी व्हायला हवं. उलट वाढत चाललं, जागा गरम आणि ठणकती झाली, पिवळा दाट पू आला, टॅटूपासून वर काखेकडे लाल रेघ सरकताना दिसली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. आर्टिस्टला फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. दुसरी गोष्ट तुमच्या लाल फुलाची. शाईची ॲलर्जी सगळ्यात जास्त आढळते ती लाल रंगाला, आणि ती लगेचच येते असं नाही. काही महिन्यांनी, वर्षांनीही येते. वेल सपाट आणि फक्त फूलच उंचवटून खाजायला लागलं तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. घरात कुणाला जखमेचे जाड, वाढत जाणारे व्रण येत असतील तर तेही त्यांना सांगा. आणि रक्तदान करत असाल तर आपल्याकडच्या नियमाने आता 12 महिने थांबायचं.

राहिलं अलिबाग. शनिवारी तुमचा तेरावा-चौदावा दिवस असेल. बहुतेक पापुद्रे गेलेले असतील, टॅटू बरा झाल्यासारखा दिसेल आणि मनात येईल, एक डुबकी मारली तर काय होतंय. नेमका बाराव्या दिवशी हाच विचार करून मी तारकर्लीला पाण्यात उतरलो होतो. तेव्हा दुसरा टॅटू होता, पोटरीवर. तिसऱ्या दिवशी त्यावर पुटकुळ्या आल्या, पाचव्या दिवशी चालताना लंगडत होतो, मग आठवडाभर अँटिबायोटिक. चित्रातल्या दोन पानांची शाई गेली ती गेलीच, आणि तिथे आजही बोट फिरवलं तर खडबडीत लागतं. अंघोळीचं वाहतं पाणी वेगळं. समुद्र, स्विमिंग पूल, विहीर, बाथटब, म्हणजे जिथे टॅटू पाण्यात बुडून राहतो, ते सगळं कातडी पूर्ण बंद होईपर्यंत नाही; निदान तीनचार आठवडे.

तेव्हा जा अलिबागला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून सावलीत बसा. बाकीचे पाण्यात असताना सगळ्यांचे मोबाईल आणि पाकिटं सांभाळायला एक माणूस लागतोच.