रामसे बंधूंचे बी-ग्रेड भयपट लोक अजूनही बघतात ते फक्त हसण्यासाठीच ना?

हसायला बघणारे भरपूर आहेत, पण ते बहुतेक दोन-चार क्लिपांवरच थांबतात. अख्खा सिनेमा बघणारे वेगळ्या कारणाने बसतात. मी त्यांतला.

या घराण्याने भुतांची वाट धरली ती एका पडलेल्या सिनेमामुळे. या भावांचे वडील एफ. यू. रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले, मूळचे रेडिओचे दुकानदार. १९७० चा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' चालला नाही. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरीला येतात, तेवढ्या प्रसंगाला पब्लिक खूश होतं, हे मुलांनी हेरलं. मग सगळा सिनेमाच तसा का नको? त्यातून १९७२ ला 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. सगळं खटलं महाबळेश्वरला गेलं, सेट उभारायचा खर्चच नाही, स्वयंपाकाला घरच्याच बायका. भाऊ सात, कामं वाटलेली: तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, अर्जुन एडिटिंगला.

त्यात गंगूंचं काम मला खरंच थोर वाटतं. धूर, निळा उजेड, मधूनच लाल झोत. 'पुराना मंदिर' (१९८४) मधला सैतान सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल, हा माणूस शिक्षणाने इंजिनिअर! त्याचा तो उभट चेहरा अर्धा अंधारात ठेवला की महागड्या मेकअपची गरजच उरत नाही. पैसा नाही म्हणून सुचलेली युक्ती, पण पैसेवाल्यांना ती सुचली नव्हती. त्या वर्षी हा सिनेमा तुफान चालला.

सगळंच गोड मानू नका. नायिकेच्या आंघोळीचे प्रसंग केवळ तिकीट खपवायला घातलेत, आज ते बघवत नाहीत. आणि विनोदाचा ट्रॅक! 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप गब्बरची नक्कल करत किती वेळ खातो, विचारू नका.

आमच्या वयाच्या लोकांना ही गोडी १९९३ च्या 'झी हॉरर शो'ने लावली, तोही रामसेंचाच. परदेशातल्या शौकिनांपर्यंत हे सिनेमे पोचले ते 'मोंडो मकाब्रो' या तिकडच्या कंपनीने काढलेल्या डीव्हीडींमुळे. आपल्याकडे समीक्षक नाकं मुरडत होते तेव्हा तिकडचे लोक पैसे मोजून संग्रह करत होते.

सुरुवात करायची असेल तर 'वीराना' (१९८८) नाहीतर 'बंद दरवाज़ा' (१९९०) घ्या. दुसऱ्यात सरळसरळ ड्रॅक्युलाच आहे, नाव तेवढं नेवला. रात्री बघा, मोबाइल बाजूला ठेवून, आणि विनोदी प्रसंग आले की बिनधास्त पुढे ढकला.