फायबरग्लासच्या जुन्या शिडाच्या होडीत पाणी साठते. गळती कशी शोधावी?

आपला प्रश्न असा की, इंदूरला घरी आणलेली चौदा फुटी जुनी होडी भोपाळच्या बड्या तलावावर तासभर चालवली की तिच्या तळाशी बादलीभर पाणी साठते आणि सगळीकडे सिलिकॉन लावूनही ते थांबत नाही. माझ्या होडीचीही हीच तक्रार होती आणि मीही आधी सिलिकॉनच लावले होते, म्हणून पहिली विनंती ही की, गळती सापडेपर्यंत आता आणखी काही लावू नका. सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) किंवा दुसरे सीलंट नीट धरत नाही. तो अंश खरवडून आणि घासून काढावाच लागतो.

पाणी आत जिथे दिसते तिथूनच ते शिरलेले असेल असे नाही, कारण तळ आणि आतली फरशी यांच्यामधल्या पोकळीतून ते उताराकडे वाहत येते. त्यासाठी शोध उलट दिशेने घ्यावा. होडी ट्रेलरवर ठेवून तळाला जुन्या टायरांचा भरपूर आधार द्यावा, तळातले पाणी काढायच्या भोकाचे बूच घट्ट बसवावे, बाहेरची बाजू पूर्ण कोरडी करावी आणि मग आत चार-पाच बोटेच पाणी भरावे, कारण एका लिटरला एक किलो वजन होते आणि जमिनीवर असताना तळ ते वाटेल तितके सोसू शकत नाही. आपल्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येत असल्याने मी ही तपासणी नळाच्या दिवशी केली आणि तेच पाणी नंतर झाडांना घातले.

बुचाच्या कडेला, सेल्फ बेलरभोवती (चालत्या होडीतले पाणी आपोआप बाहेर सोडणारी तळाची झडप) आणि सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात सोडायची उभी फळी, हिच्या फटीच्या दोन्ही काठांना मी खडूची पूड चोळून ठेवली होती. पहिली पंधरा मिनिटे काहीच झाले नाही. मग फटीच्या काठावर पांढऱ्या पुडीत मोहरीएवढा राखाडी ठिपका उमटला आणि पाहता पाहता त्याचा ओघळ झाला. ती फळी ज्या पेटीत असते त्या पेटीत टॉर्च मारल्यावर दिसले की, सेंटरबोर्ड ज्या पिनेवर फिरतो तिच्या भोकातून पाणी उतरत होते; पिनेचे रबरी वॉशर कडक होऊन तडकले होते. इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या नव्या वॉशरने ती गळती बंद झाली.

सुकाणूच्या बिजागऱ्यांचे बोल्ट तपासताना होडीचे नाक थोडे उचलून पाणी मागे आणावे. हवाबंद कप्प्यांत ब्लोअरने अगदी हलकी हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, म्हणजे गळक्या जागी बुडबुडे येतात. कॉम्प्रेसर मात्र कधीही लावू नये, कारण त्याच्या दाबाने सांधे उकलू शकतात.

बोल्टपाशी गळत असेल तर बोल्ट काढून भोक साफ करावे, ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) गुंडाळून तो परत बसवावा आणि आवळताना बोल्ट स्थिर धरून फक्त नट फिरवावा. केसासारखे तडे बहुधा वरच्या जेलकोटपुरतेच (फायबरग्लासवरचा गुळगुळीत रंगीत थर) असतात. पण दाबल्यावर जागा लवचीक लागली किंवा तड्यातून पाणी झिरपले, तर जेलकोट घासून, तिथल्या फायबरग्लासच्या जाडीच्या साधारण बारापट रुंदीचा उतार काढून काचकापड आणि इपॉक्सीचे थर द्यावेत. त्याआधी ती जागा आतून-बाहेरून पूर्ण वाळायला हवी, म्हणून हे काम इंदूरच्या पावसाळ्यात न करता एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर करावे. दुपारच्या उन्हात इपॉक्सी कापडात मुरण्याआधीच घट्ट होऊ लागते.