पेन्सिलीच्या रेघा राहू द्या

प्रश्न : वडिलांच्या सामानात ब्रिटिश ॲडमिरल्टीचा (म्हणजे आरमार खात्याचा) जुना सागरी नकाशा सापडला. बैठकीच्या खोलीत लावायचा आहे. पण त्यावर पेन्सिलीच्या रेघा आहेत, डागही आहेत. फ्रेमवाले म्हणतात, रेघा पुसून लॅमिनेट करून देतो. करावं का? आणि नकाशा अस्सल आहे की नक्कल, हे घरी कळेल का?

उत्तर : लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिक एकदा उष्णतेने कागदाला चिकटलं की कागद न दुखावता ते काढता येत नाही. आणि खोडरबर तर लांबच ठेवा. कागद-जतनाच्या कामात नवी असताना मी अशाच एका नकाशावरच्या रेघा पुसून तो 'स्वच्छ' केला होता. त्या रेघा मालकिणीच्या आजोबांनी जहाजावर आखलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. ते अजून सलतं.

नकाशावर जहाजाचा मार्ग पेन्सिलीने आखत, जागा निश्चित झाली की खूण करून शेजारी वेळ लिहीत. प्रवास संपला की पुसून तोच नकाशा पुन्हा वापरत. म्हणून तुमच्या नकाशावर उरलेल्या रेघा बहुधा त्याच्या शेवटच्या सफरीच्या असतील.

आता भिंग घ्या आणि समुद्रातले आकडे बघा. ती पाण्याची खोली आहे, जुन्या नकाशांत बहुतेक फॅदममध्ये. एक फॅदम म्हणजे ६ फूट, आपली वाव : दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडत. वजनाच्या तळाशी खोबणीत चरबी भरलेली असे. तिला वाळू चिकटली आहे की चिखल, ते बघून आकड्याजवळ छोटी अक्षरं छापत. एकेका आकड्यामागे कुणीतरी भिजलेली दोरी ओढलेली आहे.

अस्सलपणाही भिंगाखालीच कळतो. रेघा बारीक रंगीत ठिपक्यांच्या बनलेल्या दिसल्या तर ती अलीकडची नक्कल. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशात रेघ सलग असते, शाई बोटाला किंचित उठावदार लागते, कडेने पत्र्याचा दाबही उमटलेला असू शकतो. तो नसला म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. पुढे शिळाछापाचेही नकाशे निघाले. खालच्या डाव्या कोपऱ्यात वर्षं आणि आकडे असतील, त्या नकाशातल्या माहितीत केलेल्या दुरुस्त्यांच्या नोंदी. माउंटखाली, म्हणजे फ्रेमच्या आत नकाशाभोवती येणाऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, हा कोपरा झाकू देऊ नका, फ्रेमवाल्यांना आधीच बजावा.

माउंट आम्लरहित हवं, काच कागदाला टेकता कामा नये, चिकटपट्टी कुठेही नको. जागा उन्हापासून दूरची निवडा. दीपगृहांवर हाताने दिलेले पिवळे-लाल ठिपके असतील तर ते उन्हात सगळ्यात आधी उडतात. डाग राहू द्या. बुरशी असेल तर मात्र आधी जाणकाराला दाखवा. आणि फ्रेममध्ये बंद करण्यापूर्वी मागच्या बाजूचा फोटो काढा. तिथे बऱ्याचदा हाताने लिहिलेलं काहीतरी असतं.